कांदेबटाट्यांचा झुकता डबा

तिनं नवऱ्याला सोडलं तेव्हा जो तो एकच विचारायचा. मारायचा का? नाही. प्यायचा? नाही. बाहेर काही भानगड? छे, तेवढी धमक कुठली! मग झालं तरी काय? मग ती खरं ते सांगून टाकायची : कपाटं उघडी टाकायचा. ऐकणारा आधी हसायचा आणि ही हसत नाही म्हटल्यावर विषय बदलायचा. आईनं तर कपाळावर हात मारून घेतला. "अगं, एवढ्यासाठी कोणी संसार मोडतं का? हात लावला की लागतं दार!"

"कोणाचा हात, आई?" तिनं विचारलं होतं. आईला प्रश्नच कळला नाही. जन्मभर वडिलांच्या मागे दिवे मालवत फिरलेली बाई, तिला कसा कळावा!

नवऱ्याची स्वारी सकाळी उठली की घरभर तिचा माग काढता यायचा. मोज्यांचा खण उघडा, टूथपेस्टचं झाकण बेसिनमध्ये, चहापत्तीच्या कपाटाचं दार आ वासून, खाली चमच्यांचा खण पुरता बाहेर. आणि मागोमाग ही. लाव, ढकल, लोट, मिटव. अकरा वर्षांत ती त्याला एका शब्दानं बोलली नाही. बोलायचं काय? दार उघडलं की लावायचं असतं, हे ज्याला चाळिशीपर्यंत उमगलं नाही त्याला शिकवायला बसणं तिला कमीपणाचं वाटायचं. ती नुसती मनातल्या मनात त्याची लायकी काढायची आणि दार लावायची. मग लेक रांगायची थांबून पावलं टाकायला लागली, आणि हिनं ठरवलं, ही पोर आपल्या मागे मागे दारं लावत फिरायला शिकायच्या आत इथून निघायचं. निघालीही. एवढी एक गोष्ट आपण आयुष्यात वेळेवर केली, असं तिला वाटायचं. लेक आता सात वर्षांची होती आणि शनिवार-रविवार बापाकडे जायची.

ती स्वयंपाकघरातली कपाटं बनवणाऱ्या एका कारखान्यात आराखडे करायची. सुतार तिला पाठीमागे 'काटकोन' म्हणायचे आणि तिला ते माहीत होतं, आवडायचंही. काटकोनाला निदान काही मान असतो. तिच्या मालकाला तेवढाही नव्हता. उंटावरचा शहाणा नुसता. पटाशी कुठल्या बाजूनं धरतात ते ठाऊक नाही, पण 'गिऱ्हाईक हाच देव' ही पाटी टेबलावर.

तोच एक दिवस हसत हसत आला. "तुमच्या घरचंच काम आलंय म्हणा ना! तुमचे हे... म्हणजे, आधीचे. नवीन जागा घेतलीय. म्हणाले, काम तिच्याच हातचं पाहिजे, तिच्यासारखं कोणी करत नाही."

कोडगेपणा म्हणतात तो हाच. जिनं सोडलं तिच्याकडूनच नव्या बायकोचं स्वयंपाकघर करून घ्यायचं, आणि त्यात काही वावगं आहे असं टाळक्यात शिरायचंही नाही. दुसरी एखादी रडली असती. हिनं माप मागवलं.

माप घेऊन नवी बायको एकटीच आली. औषधांच्या दुकानात कामाला होती. आवाज मऊ, बोलताना समोरच्याच्या हाताकडे बघायची सवय. मापं तिनं शिंप्याच्या टेपनं घेतलेली, कपाटाची खोली घेतलेलीच नाही. काटकोनानं तो कागद दोन बोटांत धरून बाजूला ठेवला.

"सगळं तुम्ही ठरवाल तसं, ताई," नवी म्हणाली. "फक्त ओट्याखाली कांदेबटाट्यांसाठी एक डबा हवाय. दार पुढे ओढलं की डबा आतून झुकून बाहेर येतो, तसा. आणि..." ती थांबली. "तो आपोआप लागला पाहिजे."

"का?"

"असंच. हात भरलेले असतात ना."

बोलता बोलता तिनं केस मागे घेतले, आणि डाव्या भुवईच्या वर हिला ती खूण दिसली. उभी, बोटभर, अजून लालसर. ओट्यावरच्या कपाटाचं दार उघडं राहिलं आणि खाली वाकलेलं माणूस चटकन उभं राहिलं की लागते, ती. काटकोनाच्या भुवईवर तिथेच तसलीच पांढरी रेघ होती. इतक्यात लागलीसुद्धा, तिनं मनात म्हटलं. दया वगैरे आली नाही. दुसऱ्या कोणी सोडून दिलेला माणूस घेताना का सोडला एवढंही न विचारणाऱ्या बाईला भुवईवर रेघ मिळाली, तर ती वसूलच म्हणायची.

"बघते," ती म्हणाली.

बघण्यासारखं फार नव्हतं. असला डबा दिसतो सोपा आणि फसवतो भल्याभल्यांना. डबा खालच्या पुढच्या कडेला दोन खुंट्यांवर डोलतो. पुढे झुकला की त्याची मागची वरची कड गोल फिरत आधी वर चढते आणि कपाटाच्या वरच्या पट्टीत जाऊन अडकते. म्हणून मागची बाजू पुढच्यापेक्षा बुटकी ठेवावी लागते. कारखान्यातले नवे पदवीवाले संगणकावर डबा फिरवून दाखवायचे, तो तिथे झकास फिरायचा, आणि प्रत्यक्षात बटाटे भरल्यावर धाडकन पायावर यायचा. कारण पदवीवाल्यांचे बटाटे जागचे हलत नाहीत, खरे बटाटे घरंगळतात. ती तसलं काही करत नसे. पुठ्ठा कापून, चिकटपट्टी लावून खऱ्या मापाचा डबा करायची आणि घरचे बटाटे भरून तो झुकवून बघायची.

खेळ सगळा खुंट्यांच्या जागेचा. खुंट्या अगदी पुढे घेतल्या की वजन त्यांच्या मागे राहतं. हात सोडला की डबा आपला आपण आत जातो. त्याच खुंट्या थोड्या मागे सरकवल्या की वजन पुढे येतं, आणि डबा अडवायला लावलेल्या साखळीला टेकून उघडाच्या उघडा राहतो, कोणीतरी ढकलेपर्यंत. पुठ्ठ्यावर तिनं दोन्ही भोकं पाडली. आधी पुढच्या भोकात खुंट्या घालून बघितलं. डबा इतका सुरेख मिटला की दुसऱ्या कोणाचं काम असतं तर तिनं सुतारांना बोलावून दाखवलं असतं.

मग तिनं खुंट्या काढल्या आणि मागच्या भोकात घातल्या.

अकरा वर्षं मागे मागे फिरले, आता त्याच्यासाठी यंत्र करून देऊ? गेली उडत! उघडा डबा बरोबर नडगीच्या उंचीला, येण्याजाण्याच्या वाटेत राहणार होता. स्वारीच्या नडगीची उंची तिला वेगळी मोजावी लागली नाही. नवीला तिनं फोनवर सांगितलं, "आपोआप लागायचं जमत नाही. तांत्रिक अडचण आहे." नवी म्हणाली, बरं ताई. हिला वाटलं, हिच्या ह्या 'बरं ताई'वरच तर असली माणसं पोसली जातात.

डबा बसवायला ती शनिवारी गेली. सुतार महिनाभर आधीच कपाटं बसवून गेला होता. डब्याचं तेवढं तिनं स्वतःकडे ठेवलं होतं. लेक ओट्याशी उभी राहून पडलेल्या दाताची गोष्ट सांगत होती. नवी, म्हणजे लेकीची 'मावशी', भांडी घासत होती. साखळीचा शेवटचा स्क्रू पिळून होतो न होतो तोच स्वारी कांद्यांची पिशवी घेऊन हजर.

"वा!" त्यानं दार ओढलं. डबा झोकात बाहेर झुकला. पिशवीचं तोंड कापायला त्यानं खण उघडून कात्री काढली, कांदे ओतले, वरच्या कपाटात पिशवी कोंबली. "एक नंबर! मी म्हटलंच होतं, काम हिचंच." आणि तो फोनवर बोलत बाहेरच्या खोलीत गेला. डबा उघडा, खण उघडा, वरचं दार उघडं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. इथे तर सुंभालाही काही झालं नव्हतं.

ती भिंतीला टेकून वाट बघू लागली. आता येईल, आता आपटेल. तिला मनापासून बरं वाटत होतं.

"...आणि मग बाईंनी दात कागदात गुंडाळून दिला," लेक सांगत होती, आणि सांगता सांगता सरकली. कमरेनं तिनं डबा आत ढकलला. पुढच्या पावलाला गुडघ्यानं खण लोटला. वरच्या दाराला तिचा हात पोचेना, तर तिनं ओट्याच्या कडेचं उलथनं उचललं आणि त्याच्या टोकानं दार लावलं. उलथनं पुन्हा जागेवर ठेवलं. "तर तो कागदच हरवला ना, आई!"

गोष्ट कुठेही अडली नव्हती. उलथनं तिथे कशासाठी ठेवलेलं असतं ते काटकोनाला कळलं.

"हे कधीपासून करतेस तू?"

"काय?"

"दारं लावणं."

लेक बावरली. "ती उघडी असतात ना."

तिलाही प्रश्न कळला नव्हता. आजीला नव्हता कळला तसाच.

काटकोन गुडघ्यांवर बसली. पहिल्यांदा तिला सुचलं ते हेच, की पेचकस काढावा, खुंट्या पुढे घ्याव्यात, डबा आपोआप लागू दे. पोरीच्या वाट्याचं एक तरी दार कमी होईल. पेचकस तिनं स्क्रूवर टेकवलाही. पण मग वरच्या दाराचं काय? खणाचं? टूथपेस्टच्या झाकणाला ती कुठून खुंट्या लावणार होती? आणि डबा आपोआप लागायला लागला की ह्या घरात ती नसतानाही, जन्मभर, ह्या माणसाच्या मागे दार लावणारी तीच राहणार होती. तिला स्वतःची चीड आली. एवढी वर्षं मनात ह्याची लायकी काढली, ती ह्याच्यापर्यंत पोचली तरी का? तो मजेत होता. झिजली ती ही, आणि आता पोर.

पेचकस खाली ठेवून ती उठली. तिनं डबा बाहेर ओढला, खण ओढला, वरचं दार उघडलं, आणि हाक मारली.

"इकडे ये."

तो कानाला फोन लावूनच आला. "झालं का?"

"लाव हे."

"काय लाव?"

"तू उघडलंस ते. आधी फोन ठेव."

त्यानं नवीकडे पाहिलं. तिचे हात साबणात. त्यानं लेकीकडे पाहिलं. लेक पुढे झाली, तसं काटकोनानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. मग त्यानं एका बोटानं डबा ढकलला, खण ढकलला, वरचं दार लावलं. सगळं मिळून एका श्वासाचं काम.

"एवढंच?" तो म्हणाला, आणि त्याला खरोखरच नवल वाटलं होतं. "अगं, मग सांगायचं की! इतक्या वर्षांत एकदा तरी बोलायचंस."

ते तिला झोंबलं, कारण ते खरं होतं. आणि खरं असलं तरी, दार लावायला ज्याला सांगावं लागतं त्याच्याबद्दलचं तिचं मत तसूभरही बदललं नाही. तिनं लेकीला आपल्याकडे वळवलं. "ह्या घरातलं जे दार तू उघडलं नाहीस, ते तू लावायचं नाही. कितीही वेळ उघडं राहिलं तरी. कळलं?"

"मांजर शिरलं तरी?"

"मांजर शिरलं तरी."

मग ती नवीकडे वळली. हे तिला जड गेलं. "तांत्रिक अडचण वगैरे काही नव्हती. आपोआप लागणारा करता येत होता. मी मुद्दाम केला नाही. हवा असेल तर आत्ता करून देते."

नवीनं हात पुसले. पुसता पुसता तिचं बोट भुवईवरच्या खुणेवर गेलं. "नको, ताई," ती म्हणाली. "असाच राहू दे." आणि कडेचं उलथनं उचलून तिनं भांड्यांच्या ढिगात टाकलं. त्या बाईबद्दल काटकोनाला पहिल्यांदाच थोडं बरं वाटलं.

पुढच्या रविवारी संध्याकाळी लेक परत आली ती दारातच बोलत सुटली.

"आई, डबा उघडाच होता! काल दुपारपासून! मी नाही लावला. मावशीनंपण नाही लावला. आम्ही दोघी बाजूनं जायचो."

"आणि बाबा?"

"त्याच्या नडगीला लागला. दोनदा." लेकीनं एक बूट काढून भिरकावला. "दुसऱ्यांदा तो केवढ्यानं ओरडला, हे कोणी उघडं टाकलं?"

"मग?"

"मावशी भाजी चिरत राहिली. मग मी म्हटलं, बाबा, तूच."

"आणि?"

"त्यानं आधी नडगी चोळली. मग लावला." लेकीनं चपलांच्या कपाटाचं दार उघडलं, बूट आत ढकलले आणि ती नाचत आत गेली. "भूक लागलीय!"

कपाटाचं दार तसंच आ वासून राहिलं. काटकोनाचा हात सवयीनं पुढे गेला, दाराला टेकलाही. तिनं तो मागे घेतला.

"ए बाई," तिनं हाक मारली. "इकडे ये. हे लाव."