पुढचं वाक्य

कुजबुजकाकांनी आयुष्य विंगेत काढलं. नाटक मंडळीत ते प्रॉम्प्टर होते. राजाचं, राणीचं, हुजऱ्याचं, सगळ्यांचं बोलणं त्यांना तोंडपाठ. स्वतःचं असं एकही वाक्य नाही. नट तोंड उघडणार त्याच्या क्षणभर आधी काकांचे ओठ ते वाक्य मुक्यानेच बोलून मोकळे व्हायचे. नट अडला तरच आवाज, तोही कुजबुजीपुरता. घरीसुद्धा हीच खोड. काकू वैतागायच्या, "अहो, माझ्या भांडणातलं माझंच वाक्य माझ्याआधी तुमच्या ओठांवर! नवऱ्याशी भांडतेय की आरशाशी?"

मग एका सकाळी दाढी करता करता काकांच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुटली आणि वाचा गेली. अक्कल शाबूत, कान शाबूत. जीभ मात्र मुक्कामाला आलेल्या पाहुण्यासारखी नुसती पडून. लिहायला जावं तर कागदावर मुंग्यांची मिरवणूक.

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. "ओठ, जीभ, जबडा, गळा हलवायचे हुकूम मेंदूतल्या एका पट्टीतून सुटतात. यांचे अजून सुटताहेत, पण वाटेतला रस्ता खचलाय. आपण त्या पट्टीवरच तारा बसवू. तिथेच हुकूम उचलायचे आणि यंत्राकडून बोलवून घ्यायचे."

"म्हणजे यांच्या मनातलं सगळं बाहेर येणार?" काकूंनी विचारलं.

"छे हो. मनातलं नाही. जे बोलायला तोंड निघेल, तेवढंच."

"मग हरकत नाही," काकू म्हणाल्या. "तोंड यांचं पहिल्यापासून ताब्यात आहे."

यंत्राला काकांचा जुना आवाज द्यायचं ठरलं. घरभर शोधलं, पण सापडल्या फक्त नाटकांच्या ध्वनिफिती. त्यांत नट अडलेल्या जागी मागून काकांची कुजबुज निसटलेली होती. तीच यंत्राला शिकवली. त्यामुळे इस्पितळात तारा बसवल्यावर छातीवर ठेवलेल्या यंत्राच्या डबीतून आवाज आला तो कुजबुजताच. आणि डबी समोर असूनही तो खोलीच्या मागच्या कोपऱ्यातून आल्यासारखा वाटे. बाई म्हणाल्या, हा भास आहे. म्हणताना मात्र त्यांनी मागे वळून पाहिलं.

पहिल्याच दिवशी डबी कुजबुजली, "चहा गार होतोय."

"चहा गार..." म्हणता म्हणता काकू थबकल्या. कप त्यांच्या हातात होता. वाक्य त्यांचं होतं.

पुढे तेच सुरू झालं. "ताप आहे का?" डबी विचारायची आणि मग परिचारिका विचारायची, "ताप आहे का?" दोन दिवसांत ती तोंडावर हात ठेवूनच खोलीत येऊ लागली. डबी म्हणाली, "मी नाही जाणार त्या खोलीत." लगेच बाहेरच्या व्हरांड्यातून परिचारिकेचा आवाज आला, "मी नाही जाणार त्या खोलीत!"

काकांना बिचाऱ्यांना एवढंच म्हणायचं होतं, घाबरू नका. पण जवळपास कुणीही बोलायला श्वास घेतला की जुनी सवय त्यांच्या जिभेचा लगाम धरायची. पूर्वी ओठ मुके होते, कुणाला पत्ता नव्हता. आता ओठांना डबी मिळाली होती.

बाईंनी शेवटी सांगून टाकलं, "यंत्र भलतंच बोलतंय. दुपारी मी येते. काका, तुमचं स्वतःचं एक वाक्य बोलून दाखवा. नाहीतर तारा काढून टाकू."

काढल्या की कायमचं मुकं व्हायचं. काका सकाळभर एकच वाक्य मनात घोळवत राहिले: मला बोलू द्या. लहानसं वाक्य, हुजऱ्यालाही जमलं असतं.

दुपारी बाई पलंगाच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या. उशाशी काकू, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

"बोला काका."

"मला..." डबी कुजबुजली. काकूंचे डोळे चमकले. तेवढ्यात बाईंनी श्वास घेतला.

"नाही जमत ना? असू दे," डबी म्हणाली.

"नाही जमत ना? असू दे," बाई म्हणाल्या, आणि पांढऱ्या पडल्या. पण त्या हट्टी होत्या. त्यांनी पुन्हा श्वास घेतला. पुढचं वाक्य काकांना स्वच्छ दिसलं: तारा काढून टाकू. "तारा..." डबी म्हणाली, आणि जन्मात पहिल्यांदाच काकांनी अर्ध्यावर थांबून घेतलं.

"तारा..." म्हणून बाईही थांबल्या. तोंड उघडं, कपाळावर घाम. नजर हळूच मागच्या कोपऱ्याकडे सरकली. ती नजर काकांनी झोपेतही ओळखली असती. वाक्य विसरलेला नट विंगेकडे पाहतो, तीच.

डबी कुजबुजली, "राहू द्या."

"तारा राहू द्या," बाई म्हणाल्या. एकदम मोकळ्या झाल्या, अगदी हसल्यासुद्धा.

"राहू द्या?" काकूंनी विचारलं.

"यंत्र उत्तम चाललंय," डबी म्हणाली.

"यंत्र उत्तम चाललंय," असं म्हणून बाई निघून गेल्या.

काका मनातल्या मनात खदखदून हसले. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं वाहिली, आता दुसरे आपली वाहणार! मग त्यांचं लक्ष काकूंकडे गेलं, आणि हसू जिरलं. त्यांना आता काकूंच्या तोंडून ऐकायचं होतं, की बरं झालं, तुमचा आवाज राहिला. पण ते काकूंनी आपणहून म्हणायला हवं. आपण सांगितलेलं वाक्य ऐकण्यात काय हशील? काकांनी मेंदूतली जीभ घट्ट दातांखाली धरली. डबी गप्प झाली.

काकूंनी पलंगाशी खुर्ची ओढली, त्यांचा हात हातात घेतला आणि बोलायला श्वास घेतला.

शब्द आला नाही.

पुन्हा श्वास. ओठ हलले, विलग झाले, तसेच राहिले. काका वाट पाहत होते. बोला ना हो, काहीही बोला, भांडा हवं तर.

काकूंनी मान वळवली. काकांकडे नाही. मागच्या कोपऱ्याकडे, नुसती भिंत होती तिकडे. आणि कान देऊन त्या वाट पाहत राहिल्या.