दौलतचा बॅटरीवाला आवाज

दौलतची बास गिटार दहा महिने त्याच्या फोटोशेजारी उभी होती, आणि तिच्यात वायर खोचलेली होती.

ही करामत चंपतरावांची. चंपतराव म्हणजे दौलतचे चुलते. तलमडुगु गावात कुणाचीही तेरवी असो, मांडामांड त्यांच्याच हातानं व्हायची. त्यांनी चौरंगावर फोटो ठेवला, पुढं दौलतच्या आवडीच्या वस्तू मांडल्या: चष्मा, अडकित्ता आणि गिटार. मग दोन पावलं मागं सरून पाहिलं आणि म्हणाले, वायरीबिगर हे वाद्य अर्धवट दिसते, अर्ध्या वस्तूला हळदकुंकू लावत नसतात. कोपऱ्यातली गुंडाळलेली वायर त्यांनी स्वतः उलगडली, एक टोक गिटारीत खोचलं आणि उरलेली फोटोभोवती हारासारखी फिरवली.

दौलतची बायको रेणुकाबाई दारातून पाहत होती. त्या गिटारीत बॅटरी आहे आणि वायर आत असली की, वाजवा नाहीतर नका वाजवू, बॅटरी जळत राहते, हे त्या घरात आता तिलाच ठाऊक होतं. लग्नाचा कार्यक्रम आटोपून दौलत घरी यायचा, अंगणात चार स्वर छेडायचा आणि गिटार भिंतीला टेकवून सरळ जेवायला बसायचा. वायर काढायचं काम बायकोचं. दूध झाकावं तशी ती वायर काढायची. तेरवीच्या दिवशी तिला वाटलं, सांगावं. मग वाटलं, काऊन सांगावं? आणि ती पाहुण्यांचा चहा ठेवायला आत गेली.

पुढचे कितीतरी दिवस तिनं चहाच केला. बाया भेटायला येत, पदर डोळ्याला लावत आणि आता हिची पाळी अशा बेतानं तिच्याकडं बघत. शेजारची गयाबाई तर स्पष्टच म्हणायची, एकदा रडून घे, मोकळी होशील. रेणुकाबाई हो म्हणायची आणि समोरच्या आपल्या किराणा दुकानात जाऊन गिऱ्हाइकाला गूळ तोलून द्यायची. दुखत काहीच नव्हतं. हात उशाशी घेऊन झोपलं की सकाळी तो दुसऱ्या कुणाचा वाटतो, तशी ती सगळीच्या सगळी झाली होती. सासू मथुराबाईही फारसं बोलत नसे. म्हातारी बरी आणि तिची चूल बरी. दौलतचा चहा तेवढा ती कधी सुनेला करू देत नसे. तो डॉक्टरनं सांगितल्यापासून बिनसाखरेचा, उंच स्टीलच्या गिलासात.

शहाण्णव सालच्या दसऱ्याच्या तोंडावर धाकटा दीर नागोराव आला. बेल्लमपल्लीला खाणकामगारांच्या क्वार्टरांत ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम ठरला होता आणि दौलतच्या जागी त्याला उभं करायचं चाललं होतं. आजवर तो मागं बसून ढोलक वाजवायचा. बास त्याला भावानंच शिकवली होती, शिव्या देत देत. सोबत आदिलाबादचा टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारा डोमाजी होता, आणि ऑटोत ऑर्केस्ट्राचा अँप्लिफायर.

गिटार मागायची कशी, हे नागोरावला सुचेना. तो फोटोला नमस्कार करून नुसताच बसला. शेवटी रेणुकाबाईच म्हणाली, "न्या ना. पण पहिले वाजते का ते पाहा."

वाजली नाही. डोमाजीनं मागची झाकणी उघडली, तर बॅटरी फुगून पाझरली होती आणि आत हिरवट बुरशी धरली होती. त्यानं वायर पाहिली, वायरीवरचं कुंकू पाहिलं आणि ही कोणी खोचून ठेवली, असं विचारलं. आमच्या घरी पूजेत अशीच असते, असं रेणुकाबाईनं सांगितलं.

खरडून, डाग देऊन, नवी बॅटरी घालून डोमाजीनं आतली, बॅटरीवर आवाज वाढवणारी सर्किटची प्लेट चालू केली खरी, पण त्याचा तिच्यावर भरवसा नव्हता. त्यानं दोन रस्ते सांगितले. बिगर बॅटरीची साधी गिटार तारेचा आवाज असेल तेवढाच पुढं धाडते. बटनानं कमी होतो, वाढत नाही, पण ती कधी मुकी पडत नाही. बॅटरीवाली पदरचं घालून आवाज वाढवते, धार देते, पण बॅटरी गेली की चूप. आणि ही प्लेट तर आतून खाल्लेली, केव्हा दगा देईल सांगता येत नाही. त्याचं म्हणणं, प्लेट काढावी आणि गिटार साधी करावी.

नागोरावला ते पटेना. दौलतनं ती प्लेट हौसेनं नागपूरला जाऊन बसवली होती. मंडपात वाजवणारा स्टेजवर आणि अँप्लिफायर पार जनरेटरपाशी. एवढ्या लांब वायरीतून जाता जाता आवाज मऊ पडतो, ते त्याला खपत नसे. प्लेट बसवल्यापासून त्याची बास ऐकणाऱ्याच्या छातीवर थाप मारायची. ऑर्केस्ट्रावाले त्याच आवाजासाठी आपल्याला बोलावून राह्यले, नागोराव म्हणाला. मग थांबून म्हणाला, "पण गिटार वहिनीची हाय. वहिनी सांगन तसं."

दोघं तिच्याकडं बघायला लागले. तिला एवढंच सुचलं की ज्वारी निवडायची राहिली आहे.

"पहिले बॅटरीवाला ऐकवा," ती म्हणाली.

नागोराव अंगणातल्या खाटेवर बसला. बटनं दौलतनं शेवटी फिरवली होती तिथंच होती, त्यांना कुणी हात लावला नाही. रेणुकाबाई ओसरीच्या खांबाला टेकून बसली होती. आवाज आधी खांबात आला, मग तिच्या पाठीत. दुकानातले पत्र्याचे डबे किणकिणले. बोटं नागोरावची, अडखळणारी, पण आवाज दौलतचा, जसा धाकट्यानं थोरल्याचा सदरा घालावा. आता काहीतरी होईल म्हणून ती वाट पाहत राहिली. काही झालं नाही.

आतून मथुराबाईचा आवाज आला, "दौलत, आला का रे? चहा ठिवला पाय."

नागोरावचं बोट तारेवरच राहिलं. तार घुमतच होती. म्हातारीला चळ लागला नव्हता. ती चूल फुंकत होती, आणि जुन्या सवयीनं तोंड आपसूक बोलून गेलं होतं, हातानं भांडं चढवलं होतं. हे तिच्याही ध्यानात आलं असावं, कारण चूल फुंकणं थांबलं. नुसता चहा उकळल्याचा आवाज.

रेणुकाबाई उठली आणि तिनं गिटारीतली वायर उपटून काढली. अँप्लिफायर धप्पकन दणाणला.

"प्लेट काढा," ती डोमाजीला म्हणाली.

नागोरावचा चेहरा पडला. "वहिनी, दादाचा आवाज हाय तो."

"म्हणूनच. भाऊजी, तुमी चुकान तर लोक म्हणतील दौलत चुकला. त्याच्या चुका तो करून गेला. तुमच्या त्याच्या नावावर कायले?"

डोमाजी खाली मान घालून झाकणीचे स्क्रू शोधायला लागला. नागोरावनं विचारलं, अन् आवाज कमी पडला तर?

"तर अँप्लिफायरच्या जवळ उभे राहा."

दुसरं कारण तिनं सांगितलं नाही. हा आवाज आता नागोरावच्या हातून घराघरात, मंडपामंडपात वाजणार, आणि दर सणाला या अंगणातही. दर वेळी चुलीवर ते भांडं चढणार.

डाग देऊन झाल्यावर नागोरावनं पुन्हा वाजवून पाहिलं. आवाज जाड, बुजरा, गोधडीखालून कुणी बोलावं तसा. डबे किणकिणले नाहीत. तो दोनदा चुकला, तिसऱ्यांदा कमी चुकला.

"नागो," आतून मथुराबाई म्हणाली, "तारा तरी नीट लाव रे."

तो हसला. मग त्यानं तारा लावल्या.

ऑटो निघायच्या वेळी गिटारीत वायर तशीच होती. आता आत राहिली तरी काही होत नाही, डोमाजी म्हणाला. रेणुकाबाईनं तरी ती काढली, गुंडाळली आणि नागोरावच्या हाती दिली. ऑटो गेल्यावर तिनं चौरंगावर फडकं फिरवलं. फोटोभोवती वायर होती तिथं धुळीची गोल रेघ होती, ती लगेच निघाली.

आत मथुराबाई ज्वारी निवडत बसली होती. चुलीजवळच्या ओट्यावर दौलतचा उंच गिलास काठोकाठ भरलेला, वर साय धरलेली. तो तिनं फेकला नव्हता, कुणाला दिलाही नव्हता. रेणुकाबाईनं तो उचलला आणि उभ्या उभ्या पिऊन टाकला, गार, कामासारखा. अगदी शेवटच्या घोटाला तिचं तोंड वाकडं झालं. साखर नव्हती.

"दुसरा ठिवू का?" सुपातली नजर न काढता मथुराबाईनं विचारलं.

रेणुकाबाईनं रिकामा गिलास ओट्यावर ठेवला.

"ठेवा," ती म्हणाली. "साखरेचा."