जाळीच्या अलीकडे

मी जाळीच्या अलीकडची कोंबडी बोलतेय. पलीकडचीही बोलली असती, पण तिचं तोंड कायम भांड्यात.

जन्म मशिनीतला. आईची ऊब ठाऊक नाही, दिव्याची ठाऊक आहे. आम्ही सगळ्या एकाच खोक्यातून आलो. ती पलीकडची तर माझ्या पाठीवर बसून आली, आणि इथे येऊन शेठाणी झाली.

झालं असं. औषधवाल्याने आमची शेड चालवणाऱ्या घरच्या सुनेला पावडरीचा डबा दिला. म्हणाला, "यात पोटाला चांगले जंतू आहेत. एका बाजूच्या खाद्यात मिसळा, दुसऱ्या बाजूला साधंच घाला. शेवटी वजन करून बघा." सुनेने शेडच्या मधोमध जाळी ठोकली. मी साध्या बाजूला आले. का? तर दाराजवळ उभी होते म्हणून!

पलीकडे सगळं कोरडं ठणठणीत. पिसं इस्त्री केल्यासारखी. आमची पोटं बिघडली. खालचा भुसा ओला, चिकट, वासाने डोळे चुरचुरायचे. त्या ओल्यात उभं राहून माझ्या तळव्यांना काळे डाग पडले. आणि ती बया पाय पसरून झोपायची! माझा नुसता जळफळाट. जाळीला धडका मारून मारून मी तुरा सोलून घेतला.

ते सासूने पाहिलं. दुपारचं खाद्य घालायचं काम तिच्याकडे.

"माझी सासू जावेला साय वाढायची नि मला नुसतं दूध," ती माझ्याशीच बोलली. "अजून विसरले नाही मी. असला दुजाभाव माझ्या हातून नाही व्हायचा गं." आणि पावडर आमच्याही खाद्यात मिसळली. मग रोजच.

पोट ताळ्यावर आलं. भुसा सुकला. मी हावरटासारखं खाल्लं, अंग धरलं. तरी जळणं काही थांबलं नाही. तिला पहिल्या घासापासून मिळालं, मला मागाहून!

आज वजन झालं. सून काट्याकडे बघून हसली. "आई, दोन्ही बाजू सारख्याच की! फरक पडला तो डब्याला, लवकर संपला. फसवतोय मेला औषधवाला. पुढच्या पिल्लांना साधंच घालायचं."

सासूने रिकामा डबा पाठीमागे धरला. "बरं," म्हणाली. तेवढंच. सून तिला शेडमध्ये हात लावू देते तो या दुपारच्या खाद्यापुरता. खरं सांगितलं तर तेही हातातून जाईल.

आता सुनेने मला पाय धरून उलटं उचललंय. शेजारी ती, तशीच उलटी. तिचे तळवे गुलाबी, माझे काळे. अगं, काट्याकडे काय बघतेस? पाय बघ की आमचे!

नाही बघत. म्हातारे, मग तूच बोल. तू गप्प राहिलीस तर येणारी सगळी पिल्लं माझ्यासारखी ओल्यात उभी राहतील. बोललीस तर त्यांना पहिल्या घासापासून मिळेल, आणि मी त्यांच्यावरही जळेन. जळतच खाटकाकडे जाईन मी. पण तू बोल.