जद्दाच्या हाडांतली भोकं

मुलांनो, चामड्याचे दोन तुकडे डोळ्यांसमोर आणा. एक उंदरांनी कुरतडलाय. दुसऱ्याला कारागिराने पंच ठोकून भोकं पाडलीत. नुसतं बोट फिरवलंत, तर डोळे मिटूनही कुठला कोणता ते सांगाल ना? आता तेच बोट एका म्हाताऱ्या बाईच्या हाडांवरून फिरतंय अशी कल्पना करा.

ती बाई म्हणजे नुसैबा नावाच्या शाळकरी मुलीची जद्दा, म्हणजे आजी, झुलेखा. कॉन्स्टंटीन शहरात उतारावरच्या घरात ती राहायची. नऊ वर्षांपूर्वी जद्दाचा डावा स्तन कापून काढला होता. त्या आजाराचं नाव घरात कोणी घेत नसे. घेतलं की तो पुन्हा दार ठोठावेल, असं सगळ्यांना वाटे. म्हणून यंदा जद्दाची पाठ दुखायला लागली, तेव्हा तिचा मुलगा, नुसैबाचा मुरादमामा, तिच्या अंगभरच्या हाडांच्या एक्स-रेचं पाकीट घेऊन एकटाच डॉक्टरकडे गेला. जद्दा घरीच राहिली. त्या डॉक्टरने हाडांतली भोकं पाहिली, जुना आजार विचारला, आणि तोच परतलाय म्हणून गोळ्या लिहून दिल्या. जद्दाला सांगितलं, कॅल्शियमच्या आहेत.

तीन महिन्यांत जद्दा पांढरीफटक पडली. कुस्कुसचा रवा चाळताना चाळण तिच्या हातून सुटू लागली. तहान भागेना.

मग मामा दुसऱ्या डॉक्टरकडे गेला. शाळेला सुट्टी होती, म्हणून पाकीट धरायला नुसैबा सोबत होती. डॉक्टर लमियांनी कवटीचा एक्स-रे उजेडावर लावला.

"तुम्ही काम काय करता?"

"चपला शिवतो, बाजारात."

"मग तुम्हीच सांगा. ही भोकं कुरतडलेली आहेत की पंचने पाडलेली?"

मामा पुढे वाकला. एकेका भोकाची कड न्याहाळली. "पंचने," तो म्हणाला. "कडा साफ आहेत. सगळी जवळपास एका मापाची."

"स्तनाचा आजार हाडात शिरला की कडा बहुधा ओबडधोबड होतात, कधी भोवतीचं हाड फोटोत जास्तच पांढरं दिसतं. इथे तसं काही नाही. पाकिटातला रक्ताचा रिपोर्टही वेगळंच सांगतोय. मला वाटतं हा दुसराच आजार आहे, हाडांच्या आतल्या मज्जेतला. पण नुसत्या फोटोवर शपथ नाही घेता येत. कमरेच्या हाडातून सुईने मज्जा काढून तपासायला हवी."

"आणि तो दुसरा निघाला तर बरी होईल?"

"मुळापासून नाही. पण औषध वेगळं आहे, त्याने दिवस मिळतील. मूत्रपिंडं चाललीत त्यांची, फार थांबू नका. त्यांना घेऊन या. त्या हो म्हणाल्याशिवाय मी सुई लावणार नाही."

"डॉक्टरसाहेब, तिला कळलं तर ती त्याच दिवशी जाईल."

"आणि नाही कळलं तर?"

मामाने एक्स-रे पाकिटात सरकवला. वाटभर तो नुसैबाशी एकच वाक्य बोलला, "घरी तोंड उघडायचं नाही, बाई."

घरी जद्दा गादीवर टेकून बसली होती. "काय म्हणाला तुझा डॉक्टर?"

"कॅल्शियम वाढवलंय, यम्मा." मामाने पाकीट कपाटावर फेकलं आणि दुकानाकडे निघाला.

जद्दाने त्याची पावलं जिन्यावरून उतरू दिली. मग तिने उजवा हात डाव्या बाजूच्या सपाट जागेवर ठेवला.

"लहानपणापासून असाच आहे हा. खोटं बोलला की कपाटाशी भांडतो." ती जरा हसली, आणि त्या हसण्यानेही तिच्या बरगडीत कळ आली. "मी मूर्ख नाही गं. तेच आलंय ना परत?"

नुसैबाने मान हलवली, नाही म्हणून. मग तिला वाटलं, तेही पुरतं खरं नाही; तो नसला तरी दुसरा आहेच.

तिने स्टूल ओढलं, कपाटावरचं पाकीट काढलं आणि खिडकीच्या उजेडात एक्स-रे धरला. मग जद्दाचं बोट हातात घेऊन पहिल्या भोकाच्या कडेवर टेकवलं. "बघ जद्दा, कडा साफ आहेत; हा तो नाही, दुसराच आहे, आणि डॉक्टरांनी तुलाच बोलावलंय."