मालकीणबाईंचं तिकीट

सुभाषने तिकीट उजेडात धरून पाहिलं, उलटं करून पाहिलं, तरी नाव काही बदलेना. सुलोचना सुभाष शिर्के. बँकॉक-पट्टाया, जाऊन-येऊन.

कंपनी नळांची. ज्या भाईंदरात नळाला पाणी आलं की लोकांनी पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवलेले, तिथे वर्षभर नळ खपवणाऱ्या दुकानदारांना कंपनी परदेश दाखवून आणायची. गेल्या साली सुभाष जाऊन आला होता. त्यानंतर हाटकेश भागातलं आपलं दुकान त्याने बायकोच्या नावावर केलं, कारण बाईमाणसाला कर्ज लवकर मिळतं असं कुणीतरी त्याच्या कानात सांगितलं. कर्ज मिळालं, आणि त्याच्या शेपटाला धरून हे तिकीटही आलं. इकडे चौकातल्या पोरांनी त्याचा गॉगलवाला फ्लेक्स आधीच टांगलेला. 'परदेश दौऱ्यास शुभेच्छा!' त्यावर बसणारा कावळासुद्धा म्हणे त्या दिवशी हसून उडाला.

कंपनीने मागे नवराबायको दोघांच्याही पासपोर्टच्या झेरॉक्स मागवल्या होत्या. सुलूचा पासपोर्ट मस्कतच्या भावाकडे जायचं म्हणून काढलेला, न वापरता कपाटात पडून. सुभाषने कंपनीला नाव बदलायला सांगितलं. ते म्हणाले, कागदावर मालक जो असेल तोच जाईल. मग तिकीट रद्दच करू, असं त्याने जेवताना जाहीर केलं.

"का?" सुलूने विचारलं.

"बायकांचं काय काम तिथे?"

"तिथे बायकांचंच काम असतं असं ऐकलंय मी," सुलू आमटी वाढत म्हणाली. "गेल्या वर्षी तुम्ही बेट सांगितलंत, हत्ती सांगितलात. बाकीचं सांगितलं नाहीत. ते मी बघून येते."

सुभाषने मग सगळे उपाय केले. विमानात कान फुटतात म्हणाला, तिथे किडे खायला घालतात म्हणाला, आपल्या आईला गावाहून फोन करायला लावला. सुलूने मुकाट्याने बॅग भरली. ज्या माणसाबरोबर आपण इतकी वर्षं संसार केला तो नक्की आहे कोण, एवढं एकच तिला बघायचं होतं.

पट्टायाच्या बसमध्ये सगळे बाप्ये आणि एकटी सुलू. पहिला दिवस मंडळी सत्यनारायणाला बसल्यासारखी बसली. एकाने तर हनुमान चालिसा म्हटली. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र चुळबूळ वाढली, आणि सगळ्यांनी मिळून परागला पुढे केलं. पराग भाईंदरच्याच इंद्रलोक भागातला दुकानदार, सुभाषचा जिगरी. सुलूच्या हातचे कोंबडी-वडे त्याने कितीदा तरी खाल्लेले.

"वहिनी, तुम्ही मार्केट फिरून या. आम्ही जरा मसाजला जातोय."

"बरं झालं. माझीही पाठ धरलीय."

तो हॉल लग्नाच्या हॉलएवढा होता आणि दवाखान्यासारखा गार. एका बाजूला भिंतभर काच. काचेपलीकडे पायऱ्यांवर मुली बसलेल्या, प्रत्येकीच्या छातीवर नंबराचा बिल्ला. त्यांना आपण दिसत नाही, असं गाईड हळूच म्हणाला. एक जण वाटीतून काहीतरी खात होती. एक पायातला उंच टाचेचा बूट काढून घोटा चोळत होती. तिच्या रांगेवरचा दिवा मोठा झाला तशी तिने घाईघाईने बूट चढवला आणि ती हसली. समोर तिला कोणी दिसत नव्हतं, तरी हसली.

मॅनेजर गिऱ्हाइकांकडून हिंदी शिकलेला. सगळ्यांना विचारत विचारत तो सुलूसमोर आला. "मॅडम, आप भी. नंबर बोलो."

सुलूच्या कानशिलांची आग झाली. तिने मान हलवली आणि पाय रोवून तिथेच उभी राहिली. तिच्यादेखत नंबर सांगायला कोणाची जीभ उचलेना.

"वहिनी, असं बघत राहू नका," पराग कुजबुजला. "जबरदस्ती नाय कोणावर. धंदा आहे त्यांचा. आपण पैसे देतो, त्यांचं घर चालतं."

"चालत असेल. तुम्ही कधी विचारलंत एखादीला?"

"विचारणार काय? भाषा कुठे येते?"

"भाषा येत नाही, आणि जबरदस्ती नाही हे मात्र कळतं."

परागचं तोंड लाल झालं. "मग सुभाषला पण ऐकवा ना हे! गेल्या वर्षी पहिला नंबर त्यानेच बोलला होता."

हे सुलूला ठाऊक नव्हतं असं नाही. पण ठाऊक असणं वेगळं आणि कानावर पडणं वेगळं. ती बाजूच्या सोफ्यावर बसली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "तुम्ही जा. मी आहे इथे."

एकाचं पोट दुखायला लागलं. एकाला गुरुवार आठवला. दोघे मात्र खाली मान घालून आत गेलेच. पराग बाहेर बसमध्ये जाऊन बसला.

रिक्षा हाटकेशला दुकानासमोर थांबली, तेव्हा सुभाष काउंटर सोडून बॅग घ्यायला धावत आला. प्रवास कसा झाला, जेवण बरं होतं का, असं भराभर विचारत सुटला.

"नंबर काय होता तिचा?" सुलूने विचारलं.

सुभाष बॅगेच्या पट्ट्याशी खेळत राहिला. "आठवत नाही."

"चेहरा?"

त्याने मान हलवली.

सुलू चपला काढून दुकानात चढली, काउंटरची फळी उचलून आत गेली आणि खुर्चीत बसली. तेवढ्यात एक प्लंबर आला. त्याने सवयीने सुभाषकडेच अर्ध्या इंचाचा नळ मागितला. सुभाषने सुलूकडे पाहिलं. तो बॅग हातात घेऊन फळीच्या बाहेरच उभा होता, आणि आत या असं त्याला कोणी म्हटलं नव्हतं.