गल्लीतली शेवटची चूल

आमच्या गल्लीच्या टोकाला असलेला यंत्रांचा कारखाना बंद पडला, तेव्हा क्रेनच्या केबिनमधून सगळ्यात शेवटी मी उतरले. मग बरीच वर्षं तिथं कबुतरं नांदली. आता आमच्या अल्माटी शहरातले लोक पाहुण्यांना मुद्दाम तिथं फिरवून आणतात. छतावर सोलर पॅनेल, आत काचेची ऑफिसं, बॅटऱ्यांशी खटपट करणारी पोरं. माझी क्रेनसुद्धा पिवळा रंग देऊन जागच्या जागी ठेवलीय. तिच्याखालून जाताना मी अजून मान ताठ करते. का करू नये?

तिथल्या संगणकांच्या दालनात तयार होणारी ऊब पाण्यावाटे आमच्या घरांत आणायचं काम तोर्गिन नावाच्या इंजिनियर मुलीकडे होतं. पालिकेची अट एकच: गल्लीतली शेवटची कोळशाची चूल बंद झाल्याशिवाय गरम पाणी सोडायचं नाही. हिवाळ्यात आमच्याकडे इतका धूर, की समोर डोंगर आहेत हे आठवणीवर मानायचं. त्यामुळे कुरकुरत का होईना, लोक तयार झाले.

आणि पहिल्याच घरी या बाईसाहेबांनी घाईघाईत पेटत्या चुलीवर बादलीभर पाणी ओतलं!

आमच्यात विस्तवावर पाणी टाकत नाहीत. त्याला आपणहून निवू द्यायचं असतं. फ्लॅटमध्ये वाढलेल्या पोरीला हे कोण सांगणार? माझ्या सासूबाईंनी, बातिमा आपांनी, कुंपणावरून ते पाहिलं आणि आमच्या दाराला कडी घातली.

"आग बुडवणारी पोर माझ्या उंबऱ्याच्या आत यायची नाही."

एकेक करत सगळ्यांच्या चुली निवल्या. आमची तेवढी धगधगत राहिली, आणि तिच्यापायी अख्ख्या गल्लीचं गरम पाणी अडलं. शेजारी टोमणे मारायचे, मी ऐकून घ्यायची. अशात एक दिवस माझा येल्दोस मान खाली घालून म्हणाला, "आई, मला लग्न करायचंय."

"कुणाशी?"

"तोर्गिनशी."

"शाब्बास! अख्ख्या शहरात दुसरी मुलगी नाही मिळाली?" मी ओरडले खरी, पण मला हसू आवरेना.

सासूबाईंनी नातवाशी अबोला धरला. तो सुटला तेव्हा म्हणाल्या, "आण तिला. चुलीत चरबी वाहू दे. आग तिला घेते का, बघू."

नव्या सुनेनं सासरच्या चुलीला वाकून वितळलेली चरबी वाहायची, ज्वाळा उठली की ती घरची झाली. जी चूल बंद करायला तोर्गिन झटत होती, तिच्यापुढेच ती वाकली. "अग्निमाते, कृपा कर," बायका पुटपुटल्या. आधी नुसता धूर आला. माझा जीव टांगणीला लागला. मग भक्कन ज्वाळा उठली.

नव्या सुनेनं बोलायचं नसतं, पण ती बोलली. "आपा, त्या दिवशी माझं चुकलं. मला माहीत नव्हतं."

"माहीत नव्हतं तर विचारायचंस. तोंड नव्हतं तुला?" सासूबाईंनी राख ओढायची सळई तिच्या हातात दिली. "धर. आजपासून चूल तुझी. पेटती ठेव नाहीतर निवू दे, तुझं तू बघ."

तोर्गिननं फक्त कोळसा घालणं थांबवलं आणि ती लग्नाच्या पोशाखातच चुलीपुढे बसली. कारखान्यातून फोनवर फोन येत होते, एकही उचलला नाही. पाहुणे जेवता जेवता डोकावत होते. "निवली का गं?" "नाही, अजून जीव आहे." शेवटचा निखारा राखेत गेला, तेव्हाच ती उठली. मला तिचा इतका अभिमान वाटला, की मी सगळ्यांदेखत तिला छातीशी धरलं.

संध्याकाळी घराघरात गरम पाणी खेळू लागलं. शेजारची कुल्याश तोंड वाकडं करून आली. "आमचे पाइप कोमटच वाटतात हो."

सासूबाई आमच्या पाइपाला पाठ टेकून ऐसपैस बसल्या होत्या. त्या कडाडल्या, "कोमट? माझ्या नातसुनेनं आणलेली ऊब आहे ती! तुझेच हात गारठलेत, बाई. ये, बस इथं, शेकून घे."