तरुण झालेलं अक्षर

कोशवाल्या काकांच्या घरात कार्डांचे खोके इतके, की झुरळांनासुद्धा वाट विचारत जावं लागे. एक झुरळ 'बी'च्या खोक्यात शिरलं ते थेट 'एच'मधून बाहेर पडलं, तेही मिश्या पिकवून. काका तीस वर्षं इंग्रजी-तुर्की शब्दकोश करत होते. एका कार्डावर एक शब्द: वर इंग्रजी, खाली अर्थ, त्याखाली तुर्की. कोशाच्या कचेरीचा नियम कडक होता. ज्याचं कार्ड, त्याचंच अक्षर. टाइप केलेलं चालणार नाही, दुसऱ्यानं लिहिलेलं तर मुळीच नाही. चूक कुणाची, ते बघताक्षणी कळायला हवं ना!

आणि आठ महिन्यांपूर्वी काका एका सकाळी झोपेतून उठले, पण उजवा हात काही त्यांच्याबरोबर उठला नाही.

डोकं शाबूत, जीभ तर त्याहून शाबूत. पण हात गेल्याचं कचेरीत कळलं असतं, तर काम गेलं असतं. आणि काम गेल्यावर काका कसे दिसतील ते काकूंनी चार दिवस पाहिलं होतं: खुर्चीत बसायचे, भिंतीकडे बघायचे, चहा निवून जायचा. पाचव्या दिवशी काकूंनी बाह्या सरसावल्या.

"अहो, सांगा. मी लिहिते. तुमच्या अक्षरात."

"तुला तुर्की कुठं येतं?"

"चित्र काढायला भाषा कशाला यायला हवी?"

पण चित्र बघून काढायचं कशावरून? घरातली कार्डं काकांनी गेल्या काही वर्षांत घाईनं खरडलेली. त्यात अक्षर कुठलं नि चिरडलेली मुंगी कुठली ते कळेना. मग काकूंनी कपाटाच्या तळातून जुनी पत्रं काढली. लग्न ठरल्यावर भाव खायला म्हणून काकांनी निम्मी पत्रं इंग्रजीत आणि तुर्कीत लिहिली होती. काकूंना तेव्हा ओ की ठो कळलं नव्हतं, पण जपून ठेवली होती. अक्षर कसं, तर ओळीनं बसवलेले मोतीच. काकूंनी पंधरा दिवस गिरवलं. एवढं गिरवलं, की भाजी चिरताना तुकड्यांनासुद्धा तसलं वळण यायला लागलं.

त्या दिवशी सकाळी काका सांगत होते, "लिही. इमिटेट. क्रियापद. अर्थ: दुसरा करतो तसं करणं. तुर्कीत तक्लित एतमेक."

"झालं?"

"कसलं झालं! खाली दुसरी ओळ. एखाद्याला समोर ठेवून त्याच्यासारखं वागणं. ओर्नेक अल्माक. ओच्या डोक्यावर दोन टिंबं दे."

काकूंनी टिंबं दिली आणि दाराची घंटा वाजली. दारात कोशाच्या संपादकबाई, हातात कार्डांचा गठ्ठा.

"काका, मी चक्रावून गेलेय," बसता बसता बाई म्हणाल्या. "माणसाचं अक्षर वयाबरोबर थकतं. तुमचं आठ महिन्यांत चाळीस वर्षांनी लहान झालंय. काय खाता तरी काय?"

"बदाम," काकू पटकन म्हणाल्या.

"असं? मग एक ओळ लिहा बघू माझ्यासमोर."

काकू घाईनं मध्ये पडल्या. "त्यांना ना, लिहिताना कुणी पाहिलं की उचकी लागते. मागे एकदा लागली ती तीन दिवस थांबेना. शेजारचे तक्रार करायला आले."

बाई हसल्या नाहीत. त्या काकांच्या शालीखालच्या हाताकडे बघत होत्या. काकांनी मान खाली घातली. ती मान बघितली आणि काकूंची थापांची पोतडी एकदम रिकामी झाली.

"बाई, हात माझा आहे, शब्द त्यांचे. शिक्षा करायची तर हाताला करा. शब्द नका काढून घेऊ त्यांच्याकडून."

बाईंनी टेबलावरचं ओलं कार्ड उचललं, वाचलं.

"हे दोन-दोन तुर्की शब्द कशाला? तक्लित एतमेक पुरे आहे. जागा किती खाता!"

"पुरे?" काकांची मान ताडकन वर. "पोपट बोलतो ते तक्लित. पोरगी आईचं बघून तशी वागायला लागते ते ओर्नेक. दोन्ही एकात कोंबाल, तर त्या पोरीचा पोपट होईल पोपट!"

"पण मागच्या कोशात..."

"मागचा कोश चुकीचा आहे! मीच केलाय तो, मला विचारा!"

मग जी जुंपली, ती चहाचे दोन फेरे होईपर्यंत. काकू नुसत्या बघत राहिल्या. काकांचे गाल लाल झाले होते, बाई हरत होत्या आणि खूश दिसत होत्या.

"ठीक आहे. राहू द्या दोन्ही," शेवटी बाई म्हणाल्या. "शब्द यांचेच आहेत, माझी खात्री पटली. पण नियम तो नियम. हात ज्याचा, त्याचंही नाव हवं. काकू, यापुढे प्रत्येक कार्डाखाली तुमचीही सही. कचेरीत मी बघते."

काकूंनी पेन उचललं. आपलं नाव लिहिलं. ते काकांच्या अक्षरात उमटलं. खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच मोती.

"अगंबाई, माझं येतच नाहीये!"

"घाई नको करूस," काका म्हणाले. "किराण्याची यादी लिहितेयस असं समज."

काकूंनी डोळे मिटून लिहिलं. या वेळी नाव तिरपं उमटलं, घसरगुंडीवरून पडल्यासारखं. काकांनी डाव्या हातानं कार्ड जवळ ओढलं आणि कितीतरी वेळ बघत राहिले.

"आठ महिने झाले हे बघून," ते हळूच म्हणाले. "बरं वाटलं."

बाईंनीही वाकून सही पाहिली.

"काकू, सही अशीच करा," त्या म्हणाल्या. "पण कार्डं मात्र, हात जोडते, यांच्याच अक्षरात लिहा."